बेनिग्नो अक्विनो : साडेसात वर्षांची कोठडी



मूलभूत हक्कांचा पाठ शिकवताना बंदी प्रत्यक्षीकरण हा शब्द आला की वर्ग थोडा गप्प होतो. शब्दच तसा जड आहे. मग मी सोपं करून सांगतो, की सरकारने एखाद्याला धरून ठेवलं असेल तर त्याला आमच्यासमोर उभं करा आणि का धरलं ते सांगा, असा हुकूम न्यायालय काढू शकतं. गेल्या वर्षी हे सांगून झाल्यावर मागच्या बाकावरच्या एका मुलीने विचारलं, की मग कुणाला उगाच डांबून ठेवताच येत नसेल ना, न्यायालय आहे म्हटल्यावर माणूस सुटणारच. तास संपायला पाच मिनिटं होती. मी हो म्हणालो आणि पुढचा मुद्दा घेतला.

घरी येताना ते हो मला टोचत राहिलं, कारण ते अर्धंच खरं होतं. न्यायालयं चालू, वकील हजर, कागदपत्रं व्यवस्थित, आणि तरीही माणूस वर्षानुवर्षं आत, असं घडतं. ते कसं घडतं हे मुलांना सांगायचं तर एका माणसाची गोष्ट सांगावी लागेल. म्हणून आज फिलिपिन्सच्या बेनिग्नो अक्विनो यांच्याविषयी लिहितोय. त्यांच्या देशात त्यांना सगळे निनॉय म्हणतात. मनिलाच्या विमानतळाला त्यांचं नाव आहे आणि तिथल्या 500 पेसोच्या नोटेवर त्यांचं चित्र आहे. आपल्याकडे मात्र कोराझोन अक्विनो यांचे पती एवढीच ओळख उरली आहे, आणि तीही चाळिशी ओलांडलेल्यांनाच.

आधीच सांगून टाकतो, हा काही लहानपणापासून संत वगैरे असलेला माणूस नव्हता. जन्म 27 नोव्हेंबर 1932 चा, तार्लाक प्रांतातल्या कॉन्सेप्सिओन गावचा. घराणं जमीनदारांचं आणि राजकारण्यांचं. आजोबा सर्विलानो हे आधी स्पेनविरुद्ध आणि नंतर अमेरिकेविरुद्ध लढलेले सेनापती. वडिलांची गोष्ट अवघड आहे. दुसऱ्या महायुद्धात जपानने फिलिपिन्स घेतला, तेव्हा जपानच्या आश्रयाखालच्या विधिमंडळाचे ते सभापती झाले. युद्ध संपल्यावर त्यांच्यावर देशद्रोहाचा ठपका आला, आणि खटल्याचा निकाल लागायच्या आत 1947 मध्ये ते हृदयविकाराने गेले. पंधरा वर्षांच्या मुलासाठी हे ओझं लहान नसणार. निनॉय पुढे आयुष्यभर घाईत असल्यासारखे वागले, त्याचं एक कारण इथे असावं असं मला वाटतं.

घाई म्हणजे किती? सतराव्या वर्षी मनिला टाइम्सचे वार्ताहर म्हणून कोरियाच्या युद्धभूमीवर. 1954 मध्ये, वय एकवीस, राष्ट्राध्यक्ष मॅगसेसे यांच्या वतीने हुक बंडखोरांचा म्होरक्या लुईस तारुक याच्याशी बोलणी करून त्याला शरण आणलं. (मॅगसेसे हे नाव आपल्याला ओळखीचं आहे, विनोबांना मिळालेला पुरस्कार त्यांच्याच नावाचा.) त्याच वर्षी कोराझोन कोहुआंको या श्रीमंत घरच्या मुलीशी लग्न. बाविसाव्या वर्षी गावचे महापौर, पण वय भरत नाही म्हणून ती निवडणूक पुढे रद्द झाली. नंतर प्रांताचे उपराज्यपाल, राज्यपाल, आणि 1967 मध्ये सिनेटर. बोलणं इतकं वेगवान की ऐकणाऱ्याला दम लागावा. सासरच्या मोठ्या ऊसमळ्याचा कारभारही त्यांनी पाहिला होता. त्या मळ्याच्या जमिनीवरून तिथले शेतकरी पुढे कित्येक वर्षं भांडत राहिले. हेही मुलांना सांगायला हवं. पुतळ्याला सावली असते.

आता समोरची बाजू. फर्डिनांड मार्कोस 1965 मध्ये राष्ट्राध्यक्ष झाले, 1969 मध्ये पुन्हा निवडून आले. फिलिपिन्सच्या राज्यघटनेप्रमाणे सलग आठ वर्षांपेक्षा जास्त काळ कुणालाही त्या पदावर राहता येत नव्हतं. म्हणजे 1973 च्या अखेरीस मार्कोसना घरी जावं लागणार होतं, आणि त्यानंतरच्या निवडणुकीत सगळ्यांत पुढे दिसणारं नाव अक्विनोंचं होतं. सप्टेंबर 1972 मध्ये अक्विनोंनी सिनेटमध्ये उभं राहून सांगितलं, की सरकार लष्करी कायदा आणण्याची तयारी करतंय आणि त्या योजनेला सांकेतिक नावसुद्धा दिलंय. त्यानंतर दहा दिवसही गेले नाहीत.

22 सप्टेंबरच्या रात्री अक्विनो मनिलातल्या हिल्टन हॉटेलात एका संसदीय समितीच्या बैठकीत होते. विषय काय, तर आयात-निर्यातीवरच्या जकातीचे दर. मध्यरात्रीच्या सुमारास लष्करी अधिकारी आले आणि त्यांना घेऊन गेले. सकाळी लोक उठले तर वर्तमानपत्रं आली नव्हती, रेडिओ-दूरदर्शन बंद होतं, आणि संसदेला कुलूप. लष्करी कायदा लागू झाल्याचं मार्कोसनी 23 तारखेला जाहीर केलं. घोषणेच्या कागदावर तारीख मात्र 21 ची होती. अक्विनो तेव्हा एकोणचाळीस वर्षांचे होते. घरी पाच मुलं. थोरली सतराची, मुलगा बारा वर्षांचा आणि सगळ्यांत धाकटी क्रिस दोन वर्षांचीही नव्हती.

इथे थोडं थांबून एक गोष्ट सांगतो, कारण शिक्षक म्हणून मला ती फार महत्त्वाची वाटते. मार्कोस स्वतः निष्णात वकील होते. त्यांनी कायदा फेकून दिला नाही, वाकवून वापरला. नवी राज्यघटना आणली आणि तिला मंजुरी कशी घेतली, तर गावोगाव सभा भरवून हात वर करायला लावून. शेजारी बंदूकधारी उभा असताना हात खाली कोण ठेवणार? पण कागदावर नोंद झाली, की जनतेने प्रचंड बहुमताने घटना स्वीकारली. वर्गात मॉनिटर निवडताना आपण चिठ्ठ्या का टाकायला लावतो, हात वर का करायला लावत नाही, हे समजावताना मला हे उदाहरण हमखास उपयोगी पडतं.

अक्विनोंना फोर्ट बोनिफासिओ या लष्करी तळावर ठेवलं. पहिल्या काही महिन्यांत घरच्यांना भेटता येत होतं. मार्च 1973 मध्ये मात्र एका दिवशी त्यांना आणि त्यांचे सहकारी सिनेटर होझे डिओक्नो यांना डोळ्यांवर पट्टी बांधून हेलिकॉप्टरमध्ये बसवलं आणि उत्तरेकडे लाउर इथल्या छावणीत नेलं. घरच्यांना काही सांगितलं नाही. दोघांचं सामान मात्र घरी परत पाठवलं. अक्विनोंच्या सामानात त्यांचा चष्माही होता. चष्म्याशिवाय ज्याला धड दिसत नाही अशा माणसाचा चष्मा घरी येतो, तेव्हा बायको काय समजेल ते सांगायला नको. कोरी छावण्यांचे उंबरे झिजवत राहिल्या. नवरा जिवंत आहे की नाही, एवढंच त्यांना विचारायचं होतं.

लाउरची खोली साधारण चार बाय पाच मीटरची. लोखंडी खाट, तिच्यावर गादी नाही. खिडक्यांना फळ्या ठोकलेल्या, हवेसाठी वर एक अरुंद फट. दिव्याची नळी रात्रंदिवस चालू. अंगावरचे कपडे काढून घेतलेले, अंगात फक्त बनियन आणि आतली चड्डी. घड्याळ नाही, लग्नाची अंगठी नाही, पुस्तक नाही. जेवणात विष असेल या भीतीने अक्विनो जवळजवळ काही खात नव्हते, थोडी बिस्किटं आणि पाणी. सभा गाजवणारा हा माणूस आणि बोलायला समोर भिंत.

पुढे एका जुन्या सिनेटर मित्राला लिहिलेल्या लांबलचक पत्रात त्यांनी या दिवसांविषयी लिहिलं आहे. आपण कुणाचं काय वाकडं केलं, चोर-लुटारू मोकळे आणि मी इथे कसा, असा देवावरचा राग आधी. मग घरच्यांच्या आठवणीने आलेलं रडू. आणि मग हळूहळू स्वतःकडे पाहणं, की आजवर जे केलं त्यात लोकांसाठी किती होतं आणि स्वतःच्या नावासाठी किती. ते कॅथलिक ख्रिस्ती होते, आणि त्या खोलीत आपली श्रद्धा पुन्हा सापडली असं त्यांनी म्हटलं आहे. श्रद्धेचा भाग ज्याचा त्याचा. पण एवढं खरं, की तीस दिवसांनी लाउरमधून परत आलेला माणूस वेगळा होता. मोडण्यासाठी नेलं होतं, तिथे त्याची घाई संपली.

कोरी आणि मुलांची लाउरमध्ये भेट झाली ती काटेरी तारांच्या आडून. वजन इतकं उतरलेलं की पँट हाताने धरून ठेवावी लागत होती. घरच्यांसमोर कधी न रडलेले निनॉय त्या दिवशी रडले.

आता त्या मुलीच्या प्रश्नाकडे येतो. न्यायालय कुठे होतं?

न्यायालय होतं की. अटकेनंतर लगेच अक्विनो, डिओक्नो आणि इतरांच्या वतीने सर्वोच्च न्यायालयात बंदी प्रत्यक्षीकरणाचे अर्ज दाखल झाले. ते तसेच पडून राहिले. जवळजवळ दोन वर्षांनी, सप्टेंबर 1974 मध्ये, निकाल लागला, की लष्करी कायदा वैध आहे आणि तो असताना अशा लोकांना धरून ठेवता येतं. डिओक्नोंना निकालाच्या थोडं आधी सोडून दिलं होतं. दोन वर्षं आत, आणि आरोपपत्र एकदाही नाही.

अक्विनोंवर मात्र आरोप ठेवले, खून, बेकायदा शस्त्रं आणि सरकार उलथवण्याचा कट. खटला चालणार होता लष्करी आयोगापुढे, साध्या न्यायालयात नाही. खटला सुरू व्हायच्या दोन दिवस आधी, 25 ऑगस्ट 1973 ला, त्यांनी आपल्या तेरा वर्षांच्या मुलाला पत्र लिहिलं. मी निर्दोष सुटण्याची आशा नाही, आईची आणि बहिणींची काळजी घे, मानाने जग आणि मन सांगेल तसं वाग, असा त्याचा आशय. हाच मुलगा 2010 मध्ये देशाचा राष्ट्राध्यक्ष झाला, पण त्या वेळी तो शाळेत जाणारा पोर होता आणि त्याला असं पत्र आलं होतं. पालक म्हणून वाचताना घसा दाटतो.

27 ऑगस्टला अक्विनो आयोगापुढे उभे राहिले आणि त्यांनी सांगितलं, की मी या खटल्यात भाग घेणार नाही. त्यांचं म्हणणं समजायला अगदी सोपं आहे. आरोप करणारे मार्कोस. न्याय करायला बसलेले अधिकारी मार्कोसनी नेमलेले. सरकारी वकील मार्कोसचा. निकालावर शेवटचा शिक्का मारणारेही मार्कोसच. क्रिकेटमध्ये गोलंदाज, पंच आणि तिसरा पंच एकच असला तर फलंदाजाने खेळायचं कशाला? त्यांनी आपल्या वकिलांचे आभार मानले आणि बचाव करू नका असं सांगितलं. लोरेन्झो तान्यादा आणि होवितो सालोंगा यांच्यासारखे मोठे वकील त्यांच्या मागे होते. सालोंगा तर 1971 मध्ये मनिलातल्या प्लाझा मिरांडा चौकातल्या बॉम्बस्फोटात मरता मरता वाचलेले.

या नकारामुळे सरकारची पंचाईत झाली. ज्याला खटला दाखवायचा आहे त्याला आरोपी लागतो, आणि आरोपी खेळायलाच तयार नाही. खटला रेंगाळला. 1975 मध्ये साक्षी नोंदवायला पुन्हा सुरुवात झाली आणि अक्विनोंना त्यांच्या मर्जीविरुद्ध तिथे आणून बसवलं. तेव्हा, 4 एप्रिल 1975 ला, त्यांनी उपोषण सुरू केलं.

पाणी, मिठाच्या गोळ्या आणि थोडी औषधं, बाकी काही नाही. हे उपोषण स्वतःच्या सुटकेसाठी नव्हतं. नागरिकांना लष्करी आयोगापुढे उभं करू नका, ही मागणी होती. आधीच बारीक झालेला माणूस सुमारे 54 किलोवरून 36 किलोवर आला. देशातली वर्तमानपत्रं सरकारच्या मुठीत असल्यामुळे बातमी चर्चमधून आणि कानोकानी पसरत होती. सर्वोच्च न्यायालयात त्यांचा लष्करी आयोगाला आव्हान देणारा अर्ज होता. तो मागे घेतो असं त्यांनी कळवलं. या न्यायालयाकडूनही आता अपेक्षा नाही, असा त्याचा सरळ अर्थ होता. न्यायालयाने अर्ज मागे घेऊ दिला नाही. उलट 9 मे 1975 ला, उपोषणाच्या छत्तिसाव्या दिवशी, निकाल दिला, की लष्करी आयोगाला नागरिकांवर खटला चालवण्याचा अधिकार आहे. न्यायमूर्ती क्लॉडिओ तीहांकी यांनी विरोधी मत लिहून ठेवलं. हे नाव लक्षात असू द्या.

चाळिसाव्या दिवशी, 13 मे ला, घरच्यांनी आणि धर्मगुरूंनी समजूत घालून उपोषण सोडवलं. येशूने चाळीसच दिवस उपवास केला होता, त्याच्यापुढे जायला बघू नये, हा युक्तिवाद त्यांच्यावर चालला. मागणी एकही मान्य झाली नव्हती.

तारखांकडे पाहा. हे संपलं आणि सहा आठवड्यांत आपल्याकडे आणीबाणी आली. आपल्याकडे लष्कर नव्हतं, हा फरक मोठा आहे आणि तो मुलांसमोर पुसू नये. पण 28 एप्रिल 1976 ला आपल्याही सर्वोच्च न्यायालयाने चार विरुद्ध एक मताने सांगितलं, की आणीबाणीत अटकेविरुद्ध बंदी प्रत्यक्षीकरणाचा अर्ज करता येणार नाही. तो एक म्हणजे न्यायमूर्ती एच. आर. खन्ना. येरवड्यात आणि नाशिकला मिसाखाली राहिलेली माणसं अजून आपल्या आसपास आहेत. पालकांपैकी कुणाच्या घरी असतील तर मुलांना त्यांच्याशी बोलू द्या. माझ्या हो मध्ये जे राहून गेलं होतं ते हेच.

पुन्हा मनिलाला जाऊ. दिवस जात राहिले. खरं तर या सगळ्या कथेत सांगायला सर्वांत कठीण भाग हाच, कारण त्यात घडत काहीच नाही. त्यातच तर सारा डाव होता. माणूस मारला तर हुतात्मा होतो, तसाच ठेवला तर लोक विसरतात. अक्विनो वाचत, लिहीत, व्यायाम करत. कोरी ठरल्या वेळी भेटायला येत. येताना-जाताना अंगझडती होई, मुलांचीही. आजवर राजकारणात मागे बसून पाहुण्यांना चहापाणी बघणारी ही बाई आता नवऱ्याचे निरोप बाहेर नेत होती, पत्रकारांना भेटत होती. पुढे जे झालं त्याची शाळा ही होती, पण ते तेव्हा कुणाच्याच लक्षात आलं नाही, मार्कोसच्या तर नाहीच.

25 नोव्हेंबर 1977 ला लष्करी आयोगाने अक्विनोंना गोळ्या घालून ठार मारण्याची शिक्षा सुनावली. जगभरातून ओरड झाली. मार्कोसनी शिक्षा अंमलात आणली नाही, खटला पुन्हा उघडायला सांगितलं. शिक्षा टांगती आणि कोठडी चालू.

आणि मग एक गंमत झाली. एप्रिल 1978 मध्ये मार्कोसनी हंगामी संसदेची निवडणूक जाहीर केली, जगाला दाखवायला. अक्विनो कोठडीतून उभे राहिले. त्यांच्या आघाडीचं नाव लाकास नांग बायान, म्हणजे लोकांची ताकद. आद्याक्षरं जुळवली की लाबान, आणि तिकडच्या भाषेत लाबान म्हणजे लढा. महानगर मनिलात एकवीस जागा आणि विरुद्ध बाजूच्या यादीत सर्वांत वर खुद्द इमेल्डा मार्कोस. उमेदवाराला प्रचाराला बाहेर पडता येत नव्हतं. प्रचार करायला बाहेर पडली सात वर्षांची क्रिस. एकदाच, फक्त एकदाच, सरकारने अक्विनोंना दूरचित्रवाणीवर मुलाखत देऊ दिली. पाच वर्षं एकांतात राहिलेला माणूस गोंधळेल, ततपप करेल असा हिशोब असावा. ते पूर्वीसारखेच बोलले. रस्ते ओस पडले होते म्हणतात, सगळे टीव्हीपुढे.

मतदानाच्या आदल्या संध्याकाळी, 6 एप्रिलला, मनिलाच्या लोकांनी ठरवून आवाज केला. भांडी वाजवली, गाड्यांचे भोंगे, चर्चच्या घंटा, डबे, जे हाताला येईल ते. तो आवाज तुरुंगातल्या उमेदवारापर्यंत पोचावा हा हेतू. आपल्याकडच्या महागाईविरोधी लाटणं मोर्च्याची आठवण झाली मला. दुसऱ्या दिवशी मतमोजणीत लाबानचे एकवीसच्या एकवीस उमेदवार पराभूत. एकही जागा नाही. मोजणी कशी झाली असेल याचा तर्क मुलंसुद्धा करतात.

मार्च 1980 मध्ये कोठडीतच त्यांना हृदयविकाराचा झटका आला. वडील याच दुखण्याने गेलेले. मनिलात शस्त्रक्रिया करून घ्यायला ते तयार नव्हते. टेबलावर काही बरंवाईट होईल, अशी त्यांना भीती होती. 8 मे ला इमेल्डा मार्कोस अचानक रुग्णालयात आल्या आणि त्याच दिवशी अक्विनो कुटुंबासह अमेरिकेच्या विमानात बसले. दोन वचनं घेतली होती. परत यायचं, आणि तिकडे सरकारविरुद्ध बोलायचं नाही. आत गेले त्याला सात वर्षं आणि साडेसात महिने झाले होते. मांडीवरची क्रिस नऊ वर्षांची झाली होती.

डॅलसला शस्त्रक्रिया झाली आणि ते बरे झाले. दुसरं वचन त्यांनी पाळलं नाही, उघडपणे मोडलं. जुलमाने घेतलेलं वचन बांधील नसतं असं त्यांचं मत. त्यावर वर्गात वाद घालायला जागा आहे. मी घालू देतो. पहिलं वचन मात्र त्यांनी पाळलं, आणि ते पाळू नका असं आता खुद्द सरकारच सांगत होतं.

बॉस्टनजवळ तीन वर्षं होती ती कुटुंबाची सर्वांत सुखाची, असं कोरी नंतर सांगत. हार्वर्डमध्ये अभ्यास, घरी सगळी मुलं, रात्रीचं जेवण एकत्र. कोठडी गेली, मृत्युदंड दूर राहिला. मग परत का जायचं? मार्कोस आजारी होते, आणि ते गेले की सत्ता लष्कर किंवा इमेल्डांच्या हाती जाईल असं अक्विनोंना दिसत होतं. मार्कोसशी एकदा समोरासमोर बोलावं, निवडणुका घ्यायला लावाव्यात, असं त्यांच्या मनात होतं. सुखाने राहून दुरून भाषणं करणाऱ्याचं कोण ऐकणार, हाही हिशोब होता. इमेल्डांनी न्यूयॉर्कमध्ये भेटून बजावलं, संरक्षणमंत्र्यांनी तार करून कळवलं, की जिवाला धोका आहे, येऊ नका. पारपत्र नाकारलं. त्यांनी मार्शियल बोनिफासिओ या नावाचं पारपत्र मिळवलं. मार्शियल म्हणजे लष्करी कायद्याची आठवण आणि बोनिफासिओ म्हणजे कोठडीची. मस्करीची सवय तुरुंगातही गेली नव्हती.

21 ऑगस्ट 1983, रविवार. तैपेईहून विमान निघालं, सोबत परदेशी पत्रकारांची फौज. पांढरा सफारी, आत गोळी अडवणारं जाकीट. डोक्यात गोळी मारली तर याचा काही उपयोग नाही, हे त्यांनी पत्रकारांना हसत सांगितलं होतं. दुपारी एकनंतर विमान मनिलाला उतरलं. सैनिक आत आले, त्यांना बाजूच्या जिन्याने खाली घेऊन गेले, पत्रकारांना दारातच अडवलं. काही सेकंदांत गोळ्यांचे आवाज. गोळी डोक्याला मागून लागली होती. बाजूला आणखी एका माणसाचं प्रेत, आणि त्यानेच मारलं असं सरकारने जाहीर केलं. सात वर्षांनी सोळा लष्करी माणसांना जन्मठेप झाली. हुकूम कुणाचा होता ते आजतागायत सिद्ध झालेलं नाही.

खिशात विमानतळावर वाचायचं निवेदन होतं. त्यात निरपराध माणसाने आपखुशीने केलेल्या बलिदानाविषयीचा गांधीजींचा विचार त्यांनी घेतला होता. वाचायची वेळ आली नाही.

त्यांच्या आईने ठरवलं, की चेहरा धुवायचा नाही, रक्ताळलेले कपडे बदलायचे नाहीत, लोकांना पाहू द्या. लोक रांगा लावून पाहत होते. 31 ऑगस्टच्या अंत्ययात्रेला वीस लाखांच्या आसपास माणसं होती असं सांगतात, आणि अंतर कापायला दिवस गेला. माणूस विसरला जावा म्हणून ज्यांनी इतकी वर्षं खर्च केली त्यांच्या राजधानीत.

पुढचं बहुतेकांना माहीत आहे. फेब्रुवारी 1986 ची निवडणूक, मतमोजणीतली लबाडी, एड्सा रस्त्यावर रणगाड्यांपुढे बसलेली माणसं, मार्कोसचं पलायन. 25 फेब्रुवारीला कोराझोन अक्विनो राष्ट्राध्यक्ष झाल्या. त्यांना शपथ दिली न्यायमूर्ती क्लॉडिओ तीहांकी यांनी.

त्या मुलीला मी हे सगळं दुसऱ्या दिवशी दोन तासिका घेऊन सांगितलं, आणि शेवटी तिच्यासाठी फळ्यावर एकच तारीख लिहिली. 22 मे 1987. त्या दिवशी फिलिपिन्सच्या सर्वोच्च न्यायालयाने, सरन्यायाधीश तीहांकी असताना, आपलाच 1975 चा निकाल रद्द केला. नागरी न्यायालयं चालू असताना लष्करी आयोगाला नागरिकांवर खटला चालवण्याचा अधिकार नाही, असं सांगितलं. तिने वहीत उतरवून घेतलं आणि बोटांवर मोजलं. निकाल चुकला त्याला बारा वर्षं. ते गेले त्याला पावणेचार.